गिरमिट जिथं थांबतं

पाडवा होऊन बारा दिवस झाले तरी पुंजाजी आला नाही, तेव्हाच युसूफ मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण माणसाचे दिवस बरे चालले असले की त्याला पाल ऐकू येत नाही. युसूफनं स्वतःची समजूत घातली, की पुंजाजीच्या घरी लग्न-बिग्न असेल, नाहीतर हळद काढायची राहिली असेल.

पुंजाजी म्हणजे शेजारच्या गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान. पंचेचाळिशीचा गडी, पोट हातभर पुढं, धाव घ्यायची म्हटली की त्याला गुडघा आठवायचा. पण मांडवापासून बॉलपर्यंतचा सगळा खटाटोप तोच करायचा, म्हणून कप्तानकी त्याच्याकडं. उन्हाळ्यात आमच्या भागात गावोगाव टेनिस बॉलचे सामने भरतात. पाडवा झाला की पुंजाजी साखरखेर्ड्याला यायचा, युसूफच्या दुकानासमोर गाडी लावायचा, दोन चहा प्यायचा आणि आठ बॅटी सांगून जायचा. त्याच्या मागोमाग बाकीचे कप्तान यायचे. यंदा पुंजाजी नाही आणि मागचेही नाहीत.

युसूफचा बाप बैलगाडीची चाकं करायचा. ट्रॅक्टर आले, चाकं गेली. युसूफनं दारं-खिडक्या करायला घेतल्या तर लोखंडी खिडक्या आल्या. मग पोरांच्या मोडक्या बॅटींना दांडे बसवता बसवता तो स्वतःच बॅटी करू लागला आणि तिथं मात्र त्याचा हात लागला. युसूफची बॅट चिखलीपासून जालन्यापर्यंत ओळखीची झाली. बाहेरून दिसायला जाडजूड, उचलली की हलकी, आणि बॉल असा जायचा की सीमेवरचा पोरगा मान वर करून नुसता बघत राहायचा.

त्यातली खुबी काही लपलेली नव्हती. दांडा बसवायच्या आधी युसूफ फळीच्या वरच्या खाचेतून लांब गिरमिटानं आत दोन भोकं पाडायचा, अंगठ्याएवढी, सरळ खाली. मग सरस लावून दांडा ठोकायचा की भोकं बंद. वरून पोकळ, खालून भरीव. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अवघड होतं ते पुढचं, म्हणजे गिरमिट थांबवायचं कुठं. फार खाली नेलं तर पहिल्याच यॉर्करला बॅट फाटायची. अलीकडं थांबवलं तर आत लाकूड राहून बॅट फिरवायला जड व्हायची. आणि कोणतंही लाकूड दुसऱ्यासारखं नसतं. दोघा-तिघांनी युसूफच्या बॅटी विकत घेऊन करवतीनं उभ्या चिरून पाहिल्या, तसंच माप घेऊन भोकं पाडली, आणि बॅटी मोडून घेतल्या. कारण चिरलेल्या बॅटीचं माप त्या बॅटीपुरतं होतं. युसूफ प्रत्येक फळी दोन्ही हातांवर तोलायचा, जरा थांबायचा, आणि गिरमिट थांबवायचं तिथं फळीवर खडूची खूण करायचा. खूण तिथंच का, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. बापानं त्याला एवढंच शिकवलं होतं की हाताचं माप तोंडावर येऊ द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली त्याच्या पोरीनं. ती कशी उघडली, ते आता सांगतो.

फलक नववीत. युसूफ आणि सायराची एकुलती एक लेक, मराठी शाळेत शिकणारी. घरात उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी चालायची, त्यामुळं तिला दोन्ही भाषांत भांडता यायचं. दिवाळीनंतर तिच्या वर्गात गतीचे नियम सुरू झाले. शालिग्राम सर विज्ञान शिकवायचे. सरांची एक खोड होती, पुस्तकातली उदाहरणं त्यांना चालत नसत. पुस्तकातली गाडी पुस्तकात ढकला, म्हणायचे, तुमच्या घरात काय ढकललं जातं ते सांगा. फलकनं बापाच्या बॅटी सांगितल्या. सरांनी तिला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तोच प्रकल्प करायला लावला.

दुसऱ्या दिवसापासून फलक शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन दुकानात बसायची. युसूफ भोक पाडायच्या आधी ती फळी काट्यावर ठेवायची आणि वजन वहीत लिहायची. त्यानं खडूची खूण केली की ती फळीच्या खालच्या टोकापासून किती सेंटिमीटरवर येते ते मोजायची. बॅट तयार झाली की तिचा दांडा टेबलावर घट्ट बांधून फळीवर वेगवेगळ्या ठिकाणी एकाच उंचीवरून बॉल सोडायचा, आणि कुठं सगळ्यात उंच उडतो ते भिंतीवरच्या रेघांवर बघायचं. काट्यावरचे बारीक आकडे युसूफला दिसत नसत, चष्मा घरात पडलेला असायचा. ती वाचायची, तो मान डोलवायचा. मिस्त्रीला पहिल्यांदा या सगळ्याचं हसू आलं. चार दिवसांनी तो स्वतःच तिची वाट बघायला लागला.

तिनं त्याला समजावून सांगितलं. फलंदाजाच्या हातात जोर किती, तर ठरलेला. तेवढ्याच जोरात जड बॅटीला वेग सावकाश चढतो, हलकीला झपाट्यानं चढतो. त्याला त्वरण म्हणतात. बॉलला भेटताना बॅट जितकी वेगात, तितका बॉल लांब. युसूफ म्हणाला, मग बॅट कागदाची काऊन नाई करत? कुऱ्हाड फार हलकी केली तर लाकडावरून उलटी येते. फलक खूश झाली. तेच तर, म्हणाली. बॅट बॉलला ढकलते तेवढ्याच जोरानं बॉलही बॅटीला मागं ढकलतो. बॅटीत वजनच नसलं तर तीच मागं सरते आणि बॉल जागीच मेला. म्हणून हलकी पण किती, आणि वजन राखायचं तर कुठं, हा खरा प्रश्न आहे. युसूफनं चाळीस वर्षं लाकडाशी झटून जे हातात मुरवलं होतं ते ही पंधरा वर्षांची पोर पाय हलवत सांगत होती. त्याला तिचा अभिमान वाटला. असा की डोळे पुसायला त्याला भुशाचं निमित्त काढावं लागलं.

एकतीस बॅटी मोजून झाल्यावर एका दुपारी तिनं त्याला चौकटींचा कागद दाखवला. आडवं फळीचं वजन, उभं भोक थांबायचं अंतर. एकतीस ठिपके होते आणि त्यांच्यातून तिनं एक रेघ ओढली होती. जवळपास सगळे ठिपके तिच्यावर बसले होते. खाली तक्ता होता: फळी इतक्या ग्रॅमची, तर भोक खालून इतक्या सेंटिमीटरवर थांबवा.

युसूफ त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिला.  हा कागद हातात असेल तर कोणीही ऐरागैरा उद्या त्याची बॅट करू शकत होता.

त्यानं तिला सांगितलं, हे प्रदर्शनात मांडायचं नाही. फलक म्हणाली, मग प्रकल्पात उरलं काय? आकड्याशिवाय विज्ञान होत नाही असं सर म्हणतात. बाप-लेकीचं तासभर चाललं. सायरानं मध्ये पडून पाहिलं, दोघांनीही तिला गप्प केलं. शेवटी युसूफनंच तोड काढली, आणि तोड कसली, सुताराची लबाडीच ती. प्रत्येक आकड्यात तीन बोटं वाढवून लिही. कोण मोजायला बसलंय.

"ते खोटं होईल, अब्बा," फलक म्हणाली.

"एवढ्यानं कोणाचं काय बिघडते? माह्या पोटाचा सवाल हाय, बेटा. तुले माही कसम हाय. खरा आकडा घराच्या बाहेर जाऊ द्याचा नाई."

 तिनं नवा कागद घेतला आणि सगळे आकडे पाच-पाच, सहा-सहा सेंटिमीटर वाढवून उतरवले. रेघ पुन्हा ओढली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं काढलं होतं, एवढं युसूफच्या लक्षात आलं. त्यानं त्या तक्त्याला सागाची चौकट केली. तालुक्याच्या प्रदर्शनात भिंतीला खिळे ठोकून ती चौकट त्यानंच टांगली. परीक्षकांनी वाचून माना हलवल्या. फलकचा पहिला नंबर आला.

जानेवारीत जिल्ह्याचं प्रदर्शन बुलढाण्याला होतं. युसूफला जायचं होतं, पण सहा बॅटींचा वायदा होता. शालिग्राम सर फलकला आणि दोन बॅटी घेऊन गेले. ती दुसरं बक्षीस घेऊन आली, जेवली नाही, डोकं दुखतं म्हणाली आणि निजली. दोन दिवसांनी शाळेनं चार मिनिटांचा व्हिडिओ टाकला. युसूफनं तो दुकानात पाहिला, रंध्याचं मशीन चालू असताना. पोरगी टेबलामागं उभी, निळ्या साडीतल्या एक परीक्षक बाई बॅटीवर बॉल सोडून पाहत होत्या, मग फलकनं हातात मार्कर घेऊन तक्त्यावर काहीतरी लिहिलं, मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. मशीनच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही. ऐकायची गरजही त्याला वाटली नाही, तो तिचा चेहरा बघत होता. सात वेळा पाहिला. मग त्यानं तो व्हिडिओ आपल्या फोनमधल्या सगळ्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकला. अकरा ग्रुप. पुंजाजीच्या ग्रुपवर तर दोनदा टाकला, खाली लिहिलं, माही लेक.

आणि आता एप्रिल. पुंजाजी नाही, कोणीच नाही.

सरस संपला म्हणून युसूफ एसटीनं चिखलीला गेला. बाजारातून परतताना अविनाशच्या खेळाच्या दुकानावर त्याची नजर गेली. अविनाश म्हणजे त्याचं जुनं गिऱ्हाईक, चाळिशीतला, गोडबोल्या. मोडक्या बॅटी पोत्यात घालून युसूफकडं दांडे बसवायला आणायचा. दुकानाच्या दारात बॅटी टांगल्या होत्या, कोऱ्या, बाहेरून जाडजूड. युसूफनं एक उतरवली. हातात घेताच त्याला कळलं, ती हलकी होती आणि बरोबर तेवढीच हलकी होती.

त्यानं बोटाच्या पेरानं फळीच्या पाठीवर ठोकत खाली यायला सुरुवात केली. पोकळ आवाज, पोकळ आवाज, आणि मग भरीव. जिथं आवाज बदलला तिथं अंगठा ठेवून त्यानं खालून बोटं मोजली. आठ. दुसरी बॅट उतरवली, ती जरा वजनदार लाकडाची होती. सात आणि वर थोडं. तिसरी, नऊ. एकेक करत त्यानं सात बॅटी ठोकून पाहिल्या. प्रत्येक लाकडाचं वेगळं माप होतं आणि सातही मापं बरोबर होती. त्यानं खडू हातात घेतला असता तर खुणा त्याच जागी केल्या असत्या.

पहिल्यांदा त्याला वाटलं, बॅट चिरून पाहिली असेल. पण चिरून एक माप कळतं, सात कळत नाहीत. मग वाटलं, तालुक्याच्या प्रदर्शनातला तक्ता. पण त्यावर तर सगळे आकडे खोटे होते, त्याच्या डोळ्यांदेखत खोटे केलेले. तो तक्ता बघून कोणी भोकं पाडली असती तर इतक्या अलीकडं थांबली असती की बॅटी जडच राहिल्या असत्या. मग शालिग्राम सर? सरांनाही खोटाच तक्ता दाखवला होता. खरे आकडे जगात दोनच माणसांना माहीत होते, आणि त्यातला एक इथं बॅट धरून उभा होता.

इथपर्यंत येऊन युसूफचं डोकं पुढं जाईना. जायला तयारच होईना.

अविनाश गल्ल्यावरून उठून आला, चाचा म्हणाला, स्टूल पुढं केलं, पाणी मागवलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, याच्या तोंडावर तर त्याची खूण नव्हती. युसूफनं विचारलं, हे माप तुले कोणं देलं?

"कोणं म्हणजे? तुमच्या फलकनं," अविनाश म्हणाला. "तुम्हीच तर पाठवलं होतं ना, चाचा, ग्रुपवर. मी तं म्हटलं, चाचाचं मन केवढं मोठं. सारं खुलं करून टाकलं. मेहकरवाल्यानंबी तसंच सुरू केलं, पुंजाजी त्याच्याकडूनच घेऊन राह्यला."

त्यानं फोन काढला आणि व्हिडिओ लावला. दुकानात मशीन नव्हतं. युसूफनं तो आठव्यांदा पाहिला आणि पहिल्यांदा ऐकला.

निळ्या साडीतल्या बाईंनी बॅटीवरच्या चिठ्ठीतलं कोऱ्या फळीचं वजन आधी वाचलं, तक्त्यावर बोट फिरवलं. म्हणाल्या, या तक्त्याप्रमाणे ही बॅट एकवीस सेंटिमीटरपर्यंत भरीव, म्हणजे बॉल तिथं सगळ्यात उंच उडायला हवा. त्यांनी एकवीसवर बॉल सोडला, तो मरगळल्यासारखा उडाला. मग त्या एकेक बोट खाली सरकत गेल्या आणि पंधराच्या खालीच बॉल सणकून वर गेला. तीनदा सोडला, तीनदा तसाच. बाई म्हणाल्या, तू प्रयोग केलास की नुसते आकडे लिहिलेस? आसपासचे लोक हसले. शालिग्राम सर कडेला उभे होते, त्यांचा चेहरा उतरला.  मग फलकचा आवाज आला, शाळेतला, स्वच्छ.

"मॅडम, प्रयोग मी केलाय. तक्ता चुकीचा आहे, तो मी मुद्दाम चुकीचा लिहिला. खरा सांगते."

आणि मार्कर घेऊन तिनं खोट्या आकड्यांवर काट मारली आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत खरा आकडा लिहिला. वहीत न बघता. एकही चुकला नाही. टाळ्या तेव्हा वाजल्या होत्या.

युसूफनं बॅट जागेवर टांगली. पाणी न पिता उठला. अविनाश मागून काहीतरी म्हणत होता, पण त्याला काय बोलायचं? चोरी झाली म्हणावं तर चोरानं कुलूप तोडलं नव्हतं, घरमालकानंच अकरा घरी किल्ली वाटली होती. एसटीत खिडकीशी बसून तो बाहेर बघत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्याच्या बापाच्या तोंडी फार असायची. सुताराच्या घरात तिचं कोणाला काही वाटत नसे. आज ती त्याला कळली. अविनाशचा त्याला राग आला नाही, पुंजाजीचाही फारसा नाही. परक्यानं लुटलं तर माणूस ओरडू तरी शकतो. इथं आपल्या हाडामांसाच्या लेकीनं कसम मोडली, आणि मोडून तीन महिने त्याच्या ताटासमोर बसून जेवली. रोज दुकानात येऊन काट्याचे आकडे वाचत होती. अब्बा, नऊशे साठ. अब्बा, नऊशे वीस. त्या तोंडानं एक वाक्य तिला बोलता आलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. सायरा अंगणात कुरडया गोळा करत होती, फलक उंबऱ्यात परीक्षेचं वाचत होती. युसूफनं चपला काढल्या नाहीत. अविनाशच्या दुकानातून येऊन राह्यलो, एवढंच म्हणाला. फलकनं पुस्तक मिटलं. तिला विचारावं लागलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

तो बोलत सुटला. चाळीस वर्षांचा हात, बापाची शिकवण, तोंडचा घास, सगळं काढलं. ज्या पोरीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली तिनं केसानं गळा कापला, असंही म्हणाला. आवाज चढला तशी शेजारची दोन दारं उघडली. सायरा मध्ये आली. म्हणाली, त्या दिवशी रात्रभर रडली ती, मीच म्हटलं नको सांगू, तुम्ही इतके खूश होते, सगळ्यांना दाखवत होते.

युसूफनं बायकोकडं पाहिलं. म्हणजे हिलाही माहीत होतं. या घरात तीन माणसं राहत होती आणि त्यातल्या दोघांना माहीत होतं. तो ओट्यावर बसला. 

"लोकं हासले तरी चाललं असतं," तो हळू म्हणाला. "बक्षीस नसतं भेटलं तरी चाललं असतं. तू म्हणाली असती, चुकलं माहं, आकडे चुकले. एवढं बापासाठी नाई झालं तुह्याच्यानं?"

फलक उभी होती. रडत नव्हती. तिचे हात मात्र ओढणीचं टोक पिळत होते.

"झालं असतं," ती म्हणाली. "मी तेच म्हणणार होती. पण त्यायनं तीनदा बॉल सोडला, अब्बा. तीनदा तो तिथंच उडला, जिथं तुम्ही खूण करता. साऱ्यायच्या समोर तुमचा हात बरोबर होता. आन् माह्या अक्षरात तो चूक लिहेल होता."

तिनं ओढणीचं टोक सोडलं.

"कसम तुम्ही घातली. मी मोडली, ते माहं चुकलं. तीन महिने सांगलं नाई, तेबी चुकलं. पण सर म्हणे, फलक, तुह्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्यायले मी काय सांगू? माह्या बापानं मले खोटं लिहाले लावलं, असं सांगू? नाई सांगलं म्या. अजूनबी नाई सांगलं. सर समजून राह्यले, मीच खोटारडी हाय."

 युसूफला एवढं दिसत होतं की ही आपल्यावर रागावलेली आहे, आजची नाही, डिसेंबरपासूनची. त्या दुपारी तिनं नवा कागद घेतला तेव्हापासून. तो समजत होता, चांगलं अक्षर काढलं. आपला विश्वासघात झाला हे खरं, त्यात तिळमात्र शंका नव्हती, ती आग पोटात तशीच होती. फक्त तिचा आता एकट्याच्या हक्कानं शेक घेता येईना. म्हणून तो आणखी चिडला, आणि उठून दुकानात गेला.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. जेवण वाढलं गेलं, खाल्लं गेलं. शालिग्राम सरांना भेटून खरं सांगावं, असं युसूफच्या मनात दोनदा आलं. एकदा तो शाळेच्या फाटकापर्यंत जाऊनही आला. आत काय म्हणायचं? तुमच्या विद्यार्थिनीला खोटं बोलायला मी शिकवलं, ती शिकली नाही, म्हणून आता माझा धंदा बसला? शाळा सुटली तसा तो फाटकावरून मागं वळला. भित्रा म्हणायचं तर म्हणा.

तिसऱ्या दिवशी जालन्याकडच्या एका टीमची दोन बॅटींची मागणी आली. जुनं गिऱ्हाईक, त्यांच्याकडं अजून मेहकरवाला पोचला नसावा. युसूफनं फळी काढली, रंधा मारला. दुपारी फलक परीक्षा देऊन आली, दप्तर ठेवलं आणि वही घेऊन दुकानात आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. काटा होता तिथंच होता. तिनं फळी उचलून त्यावर ठेवली, आकडा थांबेपर्यंत थांबली.

"नऊशे चाळीस," ती म्हणाली.

युसूफनं मान डोलवली नाही. त्यानं गिरमिट खाली ठेवलं, हात झटकले, घरात गेला आणि कपाटावरून चष्मा घेऊन आला. तो नाकावर नीट बसवला. मग फळी काट्यावरून उचलली, काटा शून्यावर येऊ दिला, फळी पुन्हा ठेवली आणि वाकून आकडा वाचला. नऊशे चाळीसच होता.

फलक बघत होती. तिनं मान खाली घातली, वहीत आकडा लिहिला, आणि वही फिरवून त्याच्याकडं सरकवली, त्याला तोही तपासता यावा म्हणून.